थायरॉईड कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रिपोर्टही चांगला आला. मग फॉलो-अप का सुटतो आणि सुटला तर काय होतं?

"कॅन्सरच व्हायचा असेल तर थायरॉईडचा व्हावा, तो बरा होतो." थायरॉईड कॅन्सरच्या पेशंटला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. कधी नातेवाईक म्हणतात, कधी शेजारी, तर कधी धीर द्यायचा म्हणून दवाखान्यातलंच कुणीतरी.

या वाक्यात तथ्य आहे. २०२२ च्या ग्लोबोकॅन आकडेवारीनुसार जगभरात वर्षभरात सुमारे ८ लाख २१ हजार लोकांना थायरॉईड कॅन्सर असल्याचं निदान झालं आणि मृत्यू झाले ४७ हजारांच्या आसपास. नव्या रुग्णांच्या संख्येत हा कॅन्सर जगात सातव्या नंबरवर आहे, मृत्यूंच्या यादीत मात्र बराच खाली.

पण याच दिलाशात एक गोम आहे. पेशंट बरा होतो, म्हणजे तो पुढे ३०-४० वर्षं जगतो. हा कॅन्सर पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण तिप्पट दिसतो आणि अनेकींना तो तिशी-चाळिशीतच गाठतो. म्हणजे ऑपरेशन होतं एका दिवसात, त्यानंतरची देखरेख चालते पुढची कित्येक वर्षं. आणि नेमकी तीच देखरेख सुटते.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का आहे? कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने या कॅन्सरच्या उपचारांची नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. जगभरातले डॉक्टर ज्यांचा आधार घेतात ती हीच. त्यांचा रोख 'गरजेपुरतेच उपचार करा आणि नीट लक्ष ठेवा' असा आहे. दुसरीकडे आपल्याकडे सरकारी पैसा आणि योजना येतायत त्या मुख्यतः ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनसाठी. 'नीट लक्ष ठेवा' या भागाचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

सगळं नीट समजून घेऊ.

आधी बेसिक : या कॅन्सरमध्ये करतात काय?

थायरॉईड ही गळ्याच्या खालच्या भागात, श्वासनलिकेसमोर असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराचा वेग ठरवणारं हार्मोन ती बनवते. तिच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार चार. पॅपिलरी हा सगळ्यात जास्त आढळणारा, दहापैकी साधारण आठ पेशंट याच प्रकारचे. त्याखालोखाल फॉलिक्युलर. मेड्युलरी आणि ॲनाप्लास्टिक हे दोन्ही दुर्मीळ, त्यातला ॲनाप्लास्टिक अत्यंत आक्रमक. 'बरा होतो' हे वाक्य खरं ठरतं ते प्रामुख्याने पहिल्या दोन प्रकारांबाबत.

या दोन प्रकारांमध्ये उपचाराच्या तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी ऑपरेशन : पूर्ण ग्रंथी काढायची किंवा अर्धी. दुसरी, काही पेशंटना रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस. थायरॉईडच्या पेशी आयोडीन शोषून घेतात, याच गुणाचा फायदा घेऊन शरीरात उरलेल्या पेशी मारल्या जातात. आपल्याकडे हे तंत्र नवं नाही. मुंबईत परळला असलेलं भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करतंय. तिसरी पायरी, रोज सकाळी लेव्होथायरॉक्सिनची गोळी. पूर्ण ग्रंथी काढली असेल तर ही गोळी आयुष्यभर.

उपचार कमी होतायत, म्हणून फॉलो-अपचं वजन वाढतंय

पूर्वी पद्धत साधी होती. कॅन्सर आहे ना, मग पूर्ण ग्रंथी काढा, आयोडीनचा मोठा डोस द्या आणि विषय संपवा. गेल्या १०-१५ वर्षांत हे चित्र बदललं.

फ्रान्समध्ये झालेल्या 'एस्टिमाबल-२' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी धोक्याचा कॅन्सर असलेले ७७६ पेशंट. पूर्ण ग्रंथी काढल्यानंतर निम्म्यांना आयोडीन दिलं, निम्म्यांना दिलं नाही, फक्त लक्ष ठेवलं. तीन वर्षांनी पाहिलं तर काहीही अडचण न आलेल्यांचं प्रमाण आयोडीन दिलेल्या गटात ९५.९ टक्के आणि न दिलेल्या गटात ९५.६ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच.

यातून 'कमी धोक्याच्या पेशंटना आयोडीनची गरज नाही' हा निष्कर्ष निघतो आणि तो बरोबर आहे. पण आयोडीन न दिलेला गट मोकळा सोडला नव्हता, त्यांची ठरलेल्या वेळी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होत होती. अर्धीच ग्रंथी काढणं असो किंवा आयोडीन टाळणं असो, प्रत्येक 'कमी उपचारा'च्या मागे एक अट असते : पेशंट पुन्हा दाखवायला येईल. तो आलाच नाही, तर या हिशोबाचा पायाच निसटतो.

फॉलो-अपमध्ये नेमकं बघतात काय?

अनेकांना वाटतं की फॉलो-अप म्हणजे दर काही महिन्यांनी 'थायरॉईडची टेस्ट' करायची आणि गोळी चालू ठेवायची. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी बघितल्या जातात.

पहिली टीएसएच. हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन. थायरॉईडला 'काम कर' असा हुकूम ते देतं. हाच हुकूम उरल्यासुरल्या कॅन्सरपेशींनाही वाढायला मदत करू शकतो. म्हणून काही पेशंटमध्ये गोळीचा डोस मुद्दाम थोडा जास्त ठेवून टीएसएच दाबलेला असतो.

दुसरी थायरोग्लोब्युलिन. हे प्रथिन फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात, मग त्या चांगल्या असोत की कॅन्सरच्या. पूर्ण ग्रंथी काढली आणि आयोडीनही दिलं, तर रक्तात ते जवळपास सापडायलाच नको. आयोडीननंतर नेहमीची गोळी चालू असताना ते प्रति मिलिलिटर ०.२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी आणि सोनोग्राफी स्वच्छ, म्हणजे उत्तम. पण हा आकडा वर्षागणिक चढत गेला तर कुठेतरी पेशी वाढतायत असा संशय घ्यावा लागतो. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर उरलेली अर्धी हे प्रथिन बनवतच राहते, त्यामुळे तिथे हाच नियम लावता येत नाही. मेड्युलरी प्रकारात तर ही टेस्ट उपयोगाचीच नाही, तिथे कॅल्सिटोनिन आणि सीईए बघतात. शिवाय तो आजार आनुवंशिक असू शकतो, म्हणून जनुकीय तपासणीचा विषयही येतो.

तिसरी मानेची सोनोग्राफी. हा कॅन्सर परत आला तर बहुतेक वेळा तो मानेतल्या लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे मानेतल्या गाठींमध्ये येतो. हाताला लागण्याच्या आधी तो सोनोग्राफीत दिसतो. ऑपरेशननंतर साधारण ६ ते १२ महिन्यांनी पहिली सोनोग्राफी करतात, पुढचं वेळापत्रक रिपोर्टवर ठरतं.

या तिन्हींवरून डॉक्टर पेशंटला चारपैकी एका गटात टाकतात. सगळं स्वच्छ, तर 'उत्तम प्रतिसाद', अशा पेशंटमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण १ ते ४ टक्के. सोनोग्राफीत काही नाही पण रक्तातलं थायरोग्लोब्युलिन जास्त, हा दुसरा गट. यातल्या किमान ३० टक्के लोकांचा आकडा पुढे आपोआप खाली येतो, तर सुमारे २० टक्के लोकांमध्ये पुढे प्रत्यक्ष गाठ सापडते. म्हणजे दोघांचा आजचा रिपोर्ट सारखाच, पण वाट वेगळी. कोण कुठल्या वाटेवर आहे ते एका रिपोर्टवरून कळत नाही, ओळीने चार रिपोर्ट लागतात. तिसरा गट प्रत्यक्ष गाठ दिसणाऱ्यांचा आणि चौथा 'अजून नक्की सांगता येत नाही' असा.

बहुतेक वेळा कॅन्सर परतायचा तो पहिल्या काही वर्षांत परततो. पण १०, कधी २० वर्षांनीही तो परतल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत.

सगळ्यात मोठा घोळ : रिपोर्टवरचा लाल आकडा

थायरॉईडची गोळी घेणारे लोक आपल्याकडे घरटी सापडतील. त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, त्यांची थायरॉईड फक्त मंदावलेली असते. त्यांच्यासाठी टीएसएच नॉर्मल असणं हेच ध्येय.

कॅन्सरच्या पेशंटचं तसं नाही. जास्त धोका असलेल्या पेशंटमध्ये टीएसएच ०.१ च्या खाली ठेवण्याचा निर्णय असू शकतो. लॅबचा रिपोर्ट मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. ०.१ च्या खालचा टीएसएच म्हटलं की लाल अक्षर किंवा शेजारी बाण. आता हा पेशंट गावातल्या किंवा शहरातल्या अशा डॉक्टरकडे गेला ज्यांना मागचा इतिहास माहीत नाही, तर ते काय करतील? 'डोस जास्त होतोय' म्हणून गोळी कमी करतील. नेहमीच्या पेशंटसाठी हा निर्णय बरोबरच असता. इथे मात्र कॅन्सरला दाबून ठेवणारा हात त्यामुळे सैल पडतो.

उलट बाजूही तितकीच खरी. कमी धोक्याच्या, उत्तम प्रतिसाद असलेल्या पेशंटमध्ये टीएसएच दाबून ठेवण्याची गरज नाही, तो नॉर्मल मर्यादेत असला तरी चालतो, असं आता स्पष्टपणे मानलं जातं. पण फॉलो-अप सुटलेला पेशंट मेडिकलमधून जुन्याच चिठ्ठीवर जुनाच मोठा डोस वर्षानुवर्षं घेत राहतो. सतत दाबलेल्या टीएसएचमुळे वय वाढलेल्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पाळी थांबलेल्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. कॅन्सर बरा झालेला असतो, पण जास्तीच्या गोळीचा त्रास मागे लागतो.

म्हणून प्रत्येक पेशंटला स्वतःचा टीएसएच किती हवा हे माहीत असायला हवं. नॉर्मल किती असतो याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

साध्या गोष्टी, पण रिपोर्ट फिरवणाऱ्या

काही चुका इतक्या साध्या असतात की त्या कुणी विचारतही नाही.

गोळी आणि चहा : लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. आपल्याकडे सकाळचा चहा आणि गोळी एकत्रच पोटात जाते, मग गोळी नीट शोषली जात नाही.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या : ऑपरेशननंतर अनेकांना कॅल्शियम सुरू असतं. ते थायरॉईडच्या गोळीसोबत घेतलं तर गोळीचा परिणाम घटतो. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं.

बायोटिन : थायरॉईडचं बिनसलं की केस गळतात. केस गळतात म्हणून लोक बायोटिनच्या गोळ्या घेतात. हेच बायोटिन अनेक लॅबच्या तपासणी पद्धतीत अडथळा आणतं आणि टीएसएच, थायरोग्लोब्युलिनचे आकडे चुकीचे दाखवू शकतं. टेस्टच्या किमान दोन दिवस आधी ते बंद करायला सांगतात. केसांसाठीच्या गोळीच्या पाकिटावर बायोटिन लिहिलंय का ते एकदा वाचावं.

अँटिबॉडी : कॅन्सरच्या चार-पाच पेशंटपैकी एकाच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी असतात. त्या असल्या की थायरोग्लोब्युलिन प्रत्यक्षात असूनही रिपोर्टमध्ये कमी दिसू शकतं. म्हणून दोन्ही टेस्ट एकाच वेळी करायच्या असतात. पैसे वाचवायला नुसती एकच केली तर 'सगळं ठीक' हा खोटा दिलासा मिळू शकतो.

लॅब बदलणं : वेगवेगळ्या लॅबच्या पद्धती वेगळ्या, म्हणून एकाच रक्ताचे आकडेही वेगळे येऊ शकतात. ऑफर बघून दरवेळी नवी लॅब धरली तर आकडा खरंच वाढलाय की फक्त मशीन बदललंय, हे कळत नाही.

कॅन्सर परतण्याव्यतिरिक्तही बरंच काही

थायरॉईडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. शरीरातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणं, हातपाय आखडणं ही त्याची लक्षणं. बहुतेकांमध्ये हे तात्पुरतं असतं, काहींमध्ये कायमचं. याला नुसता अशक्तपणा समजून सलाईन लावून घेण्याची गरज नाही, कॅल्शियमची तपासणी करण्याची आहे.

आवाजाच्या नसा याच भागातून जातात. ऑपरेशननंतर आवाज बसला असेल आणि तो आठवडे उलटूनही सुधारत नसेल, तर दाखवायला हवं. शिक्षिका, गायक, कॉल सेंटरमध्ये काम करणारे यांच्यासाठी हा थेट पोटापाण्याचा प्रश्न आहे. आयोडीन घेतलेल्यांमध्ये लाळग्रंथींना सूज, तोंड कोरडं पडणं, चव बदलणं असे त्रास दिसतात, त्यातून दातही किडू शकतात.

आणि गरोदरपण. आयोडीनच्या डोसनंतर बाईने किमान ६ महिने गर्भधारणा टाळायची असते, पुरुषांनाही काही महिने थांबायला सांगतात. त्यानंतर आई होण्यात बहुतेकींना अडचण येत नाही. पण गरोदर राहिल्यावर गोळीची गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते आणि ही वाढ सुरुवातीच्या आठवड्यांतच लागते, कारण बाळाची स्वतःची थायरॉईड तेव्हा काम करत नसते. पहिल्या सहामाहीत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच बघावा लागतो. स्त्रीरोगतज्ज्ञाला जुन्या कॅन्सरबद्दल सांगितलंच नसेल, तर हे सगळं राहून जातं.

मग हे सुटतं कशामुळे?

पहिलं कारण : पेशंटला बरं वाटत असतं. दुखत नाही, खुपत नाही, कामावर जाता येतं. अशा वेळी सुट्टी टाकून, प्रवास करून दवाखान्यात जायचं कशाला? बाईच्या बाबतीत तर मुलांची परीक्षा, सासू-सासऱ्यांचं दुखणं, शेतीची कामं या सगळ्यानंतर स्वतःच्या तपासणीचा नंबर लागतो. ज्या मुलीला विशीत हा आजार झाला, तिच्या घरात लग्न जमेपर्यंत तो लपवला जातो. लग्नानंतर गाव बदलतं, अनेकदा नावही बदलतं आणि जुनी फाईल माहेरच्या कपाटात राहते.

दुसरं कारण : जबाबदारी नेमकी कुणाची? ऑपरेशन केलं सर्जनने, आयोडीन दिलं न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी, गोळी ठरवली एन्डोक्रायनोलॉजिस्टने आणि ती पुढे चालू ठेवतोय फॅमिली डॉक्टर. चौघांपैकी प्रत्येकाला वाटू शकतं की बाकीचं दुसरा कुणीतरी बघतोय.

तिसरं कारण : पैसा, आणि तो कशासाठी मिळतो ते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. राज्यात ही योजना आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते. पण या योजनांची रचना दवाखान्यात भरती होण्याभोवती आहे. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरच्या तपासण्या आणि औषधांचा खर्च धरला जातो तो १५ दिवसांपर्यंत. खासगी मेडिक्लेममध्ये हा काळ पॉलिसीनुसार साधारण ६० ते १८० दिवस. थायरॉईड कॅन्सरच्या पेशंटची खरी परीक्षा करणारी पहिली सोनोग्राफी येते ती ६ ते १२ महिन्यांनी. म्हणजे संरक्षण संपतं आणि त्यानंतर फॉलो-अप सुरू होतो.

गंमत म्हणजे हा खर्च अवाढव्य नाही. गोळी स्वस्त आहे, टीएसएचही बऱ्याच ठिकाणी होतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अडतं ते थायरोग्लोब्युलिन आणि अँटिबॉडीपाशी. या टेस्ट सगळीकडे होत नाहीत, नमुना मोठ्या लॅबकडे जातो आणि खर्च वाढतो. अनुभवी हाताने केलेली मानेची सोनोग्राफीही तालुक्याला मिळेलच असं नाही. मग गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पेशंटला १० मिनिटांच्या तपासणीसाठी नागपूर, नाशिक किंवा थेट परळ गाठावं लागतं. तिकीट, राहणं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हे सगळं धरलं की टेस्टपेक्षा प्रवास महाग पडतो.

दुसरं टोक : गरज नसताना टेस्ट

फॉलो-अप महत्त्वाचा, याचा अर्थ जितक्या जास्त टेस्ट तितकं चांगलं असा नाही. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कॅन्सर तपासणीच्या मोहिमेसोबत थायरॉईडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या तुलनेत १५ पट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. कधीच त्रास न देणाऱ्या गाठी शोधून लोकांची ऑपरेशनं झाली, असा त्याचा अर्थ निघाला.

उपचारानंतरही हेच लागू होतं. 'एकदा खात्री करून घेऊ' म्हणून दरवर्षी पेट स्कॅन किंवा पूर्ण शरीराचा आयोडीन स्कॅन करण्याची गरज उत्तम प्रतिसाद असलेल्या पेशंटला नसते. त्याला हवा असतो तो ठरलेल्या अंतराने केलेला मोजका तपास, जो वर्षं सरतील तसा कमीही करता येतो. आज एका बाजूला ज्याला परवडतं तो गरजेपेक्षा जास्त टेस्ट करतो आणि दुसऱ्या बाजूला ज्याला गरज आहे त्याची साधी सोनोग्राफीही होत नाही. दोन्हींचं मूळ एकच : पेशंटच्या हातात त्याचा स्वतःचा लेखी प्लॅन नसतो.

नव्या योजनांमध्ये हे बसवता येईल का?

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांमध्ये डे-केअर कॅन्सर सेंटर उभारण्याची घोषणा केली, त्यातली २०० सेंटर २०२५-२६ मध्ये. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने कॅन्सर उपचारांच्या सर्वंकष धोरणाला मंजुरी दिली. त्यात 'महाकेअर' फाउंडेशन आणि तीन स्तरांवर १८ रुग्णालयांचं जाळं प्रस्तावित आहे.

डे-केअर सेंटरचा मुख्य हेतू केमोथेरपी घराजवळ मिळावी हा आहे आणि तो रास्तच आहे. पण थायरॉईड कॅन्सरच्या बहुतेक पेशंटना केमो लागतच नाही. त्यांना लागतं ते रक्ताचा नमुना घेऊन मोठ्या लॅबला पाठवणारं कुणीतरी, मानेची सोनोग्राफी करता येणारा रेडिओलॉजिस्ट आणि रिपोर्ट बघून 'डोस हाच ठेवा' किंवा 'ताबडतोब या' सांगणारा तज्ज्ञ. यातला तज्ज्ञ समोर बसलेला असण्याची गरज नाही. ई-संजीवनीसारखी टेलिमेडिसिनची सरकारी व्यवस्था आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेलं, आता ३०० हून अधिक संस्था असलेलं नॅशनल कॅन्सर ग्रिडही आहे. ऑपरेशन ज्या केंद्रात झालं, त्याने पेशंटला जिल्ह्याच्या सेंटरकडे लेखी सोपवलं आणि जिल्ह्याने तारीख उलटली की फोन केला, तर निम्म्याहून जास्त फेऱ्या वाचू शकतात. नव्या इमारतीपेक्षा इथे एक यादी आणि ती सांभाळणारा माणूस जास्त कामाचा आहे.

आणि योजनांचा हिशोब 'किती ऑपरेशनं झाली' इथे थांबू नये. त्यातले किती पेशंट वर्षाने तपासणीला आले, हा आकडा मोजायला लागलो तरच तो सुधारेल.

तोपर्यंत पेशंटने काय करावं?

डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या गाठीचा रिपोर्ट जपून ठेवावा आणि मोबाईलमध्ये त्याचे फोटो काढून ठेवावेत. मूळ डॉक्टरांकडून एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : कॅन्सरचा प्रकार आणि धोक्याचा गट, आयोडीन दिलं असेल तर किती आणि कधी, टीएसएच किती ठेवायचा, पुढच्या टेस्ट कोणत्या आणि कोणत्या महिन्यात, आणि काय झालं तर लगेच यायचं. हाच कागद प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी दाखवायचा. डोस बदलला तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायचा, चौथ्या दिवशी केलेल्या टेस्टवरून काही कळत नाही.

प्रवासासाठी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत मिळणारी सवलत उपचारापुरती नाही, ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही आहे. दवाखान्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र असेल तर स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. महात्मा फुले योजनेत काही निवडक उपचारांना फॉलो-अप पॅकेज जोडलेली असतात, आपल्या उपचाराला ती लागू आहेत का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

आणि ज्यांच्या घरात किंवा ओळखीत असा पेशंट आहे त्यांच्यासाठी : 'हा तर चांगला कॅन्सर' असं म्हणून विषय संपवण्यापेक्षा 'पुढची टेस्ट कधी आहे, सोबत येऊ का?' असं विचारा. हा कॅन्सर बरा होतो हे खरंच आहे, पण तो बरा राहिलाय की नाही हे बघायला दरवेळी कुणालातरी जावं लागतं.